गुरं कमी झाली, जळण वाढलं

मंडळाच्या मागच्या बैठकीत ठरलं, की या ई-अंकात कथा, कविता आणि पुस्तक परिचय यांच्या बाहेरचा निदान एक तरी लेख हवा. मंडळात भूगोल घेतलेली मी एकटीच, त्यामुळे सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मित्रमैत्रिणींनो, हा अभ्यासलेख आहे. पण सुरुवात मात्र माझ्या एका चुकलेल्या अभ्यासापासून करावी लागेल.

गेल्या वर्षी आम्हाला चिठ्ठ्या टाकून प्रकल्पाचे विषय वाटले. माझ्या चिठ्ठीत निघालं, 'आफ्रिकेच्या दक्षिण भागातील पशुधन, सरपणाचा वापर व उत्सर्जन यांचा पर्यावरणावरील ताण'. बोट्सवाना, झांबिया, मलावी हे देश मी तोवर नकाशातच पाहिले होते. लायब्ररीत बसून वीस पानं लिहिली. निष्कर्ष तीन वाक्यांचा होता. गुरांची संख्या कमी करावी, सरपणाचा वापर कमी करावा, म्हणजे जंगल वाचेल आणि उत्सर्जन घटेल. मार्क चांगले पडले. दिवाळीला घरी जाताना ती फाईल मी बॅगेत टाकली, दाखवायला.

माझं घर गुंजीचं. इथल्या बऱ्याच जणांना हे गाव माहीत नसेल. बेळगावहून लोंढ्याकडे जाणाऱ्या रेल्वेवर खानापूर सोडलं की पुढे गुंजी लागतं. माऊली देवीचं गाव म्हणून आमच्या भागात ओळख. जिल्हा बेळगाव, राज्य कर्नाटक, सरकारी कागद कन्नडमधून येतात, घरात मराठी आणि बाजारात ज्याला जी येईल ती. शेत भाताचं, बांधाला काजू आणि फणस, आणि शेत संपलं की जंगल. आमच्याकडे जंगल बघायला कुणी जात नाही. जळणाला जातात, गुरांमागे जातात, पावसाळ्यात अळंबी काढायला जातात.

त्या दिवाळीत घरात एकच विषय चालला होता. गुरं विकायची का नाही. गोठ्यात तीन जनावरं उरली होती, एक दुभती गाय, एक पाडी आणि एक म्हैस. काकांचं म्हणणं असं, की चारायला माणूस मिळत नाही, पेंड परवडत नाही, आणि आता जंगलात सोडायचीही भीती. भीतीला कारण होतं. जून २०२५ मध्ये कर्नाटकाच्या दुसऱ्या टोकाला, मलय महादेश्वर टेकड्यांच्या अभयारण्यात, एक वाघीण आणि तिचे चार बछडे विष घातलेलं गाईचं मांस खाऊन मेले. त्यानंतर जुलैत राज्याच्या वनमंत्र्यांनी राज्यातल्या जंगलांत गुरं चारायला बंदी घालावी अशी सूचना अधिकाऱ्यांना केली. पेपरात ते आलं, आणि आमच्या ओसरीवर तेव्हापासून रोज त्याची चर्चा.

मी आपली फाईल काढली आणि निष्कर्ष मोठ्यानं वाचून दाखवला. काका लगेच म्हणाले, "ऐकलंस काय आये? शिकलेली पोरगी पण तेच सांगूलाय. गुरं कमी करा."

आज्जी शेंगा फोडत होती. तिनं वर न बघताच विचारलं, "गुरं इकली की जळण कमी लागतंय व्हय गं?"

मी म्हटलं, "आज्जी, ते दोन वेगळे मुद्दे आहेत."

"येगळं कुठलं? परड्यात जा, गॅसची विहीर बघून ये."

परड्यातली ती विहीर म्हणजे आमचा बंद पडलेला गोबरगॅस. लहानपणी आम्ही तिच्या लोखंडी टाकीवर चढून खेळायचो आणि मार खायचो, एवढंच मला तिच्याबद्दल आठवत होतं. त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. आत कोरडी पानं, टाकीला गंजून भोकं पडलेली, आणि स्वयंपाकघराकडे जाणारा पाइप मध्येच तुटलेला.

आता थोडं तांत्रिक, पण कंटाळा करू नका, कारण सगळं इथेच आहे. शेण आणि पाणी कालवून हवाबंद खड्ड्यात ठेवलं, की हवेशिवाय जगणारे जंतू ते कुजवतात आणि मिथेन वायू तयार होतो. तोच जळतो. मुंबईकरांना गंमत वाटेल, की आपल्या देशातल्या या प्रयोगाचा एक जुना दाखला माटुंग्याचा आहे. तिथल्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ साली मैल्यापासून गॅस करून दिव्यांसाठी वापरला होता. पुढे १९५० च्या दशकात जशभाई पटेल यांनी वर-खाली तरंगणाऱ्या टाकीचं 'ग्रामलक्ष्मी' संयंत्र बनवलं, आणि खादी ग्रामोद्योग आयोगानं ते गावोगाव नेलं. १९८१-८२ पासून केंद्र सरकारचा राष्ट्रीय बायोगॅस प्रकल्प सुरू झाला, अनुदान मिळायला लागलं. आमची विहीर त्याच योजनेतली. आजोबांनी बांधली.

तेव्हा गोठ्यात लहानमोठी मिळून नऊ जनावरं होती. हिशेब असा आहे, की एक घनमीटर गॅसला रोज साधारण २५ किलो शेण लागतं, आणि चारपाच माणसांच्या स्वयंपाकाला एक ते दोन घनमीटर गॅस. आपल्याकडची गाय दिवसाला दहा किलोच्या आसपास शेण देते. पण जी गाय सकाळी जंगलात जाते आणि दिवेलागणीला परत येते, तिचं निम्मं शेण जंगलातच पडतं. गोठ्यात सापडतं ते रात्रीचं. म्हणजे नऊ गुरं होती तेव्हा गॅस पुरत होता. मग मोठे काका गोव्याला गेले, बाबा पुण्याला नोकरीला लागले, नांगरटीला ट्रॅक्टर आला आणि बैल गेले. नवाची सहा झाली, सहाची तीन. शेण पुरेना. गॅस आधी सकाळचाच राहिला, मग चहापुरता, मग विझला. त्या दिवसापासून आज्जी आणि काकी परत जळणाला जायला लागल्या.

माझ्या निष्कर्षातली तीनही वाक्यं एकाच रांगेत उभी होती. गुरं कमी, जळण कमी, उत्सर्जन कमी. माझ्या स्वतःच्या घरात पहिली गोष्ट खरी झाली होती आणि त्यामुळेच दुसरी उलटी झाली होती. मला हे वीस पानं लिहूनही दिसलं नव्हतं, आणि आज्जीला फाईल न उघडता माहीत होतं.

मग मी दिवाळीनंतरचे आठ दिवस एक उद्योग केला. काजू तोलायचा ताणकाटा घेतला आणि चुलीत जाणारं प्रत्येक लाकूड तोललं. काकी वैतागली. "आता लाकडांची पण परीक्षा घेतीस व्हय?" असं म्हणाली. पण तिसऱ्या दिवसापासून तीच मला हाक मारायला लागली, "ये गं, हे तोलून घे." पाच माणसांचं घर. दिवसाला सरासरी अकरा किलो जळण. आणि धक्का असा, की त्यातलं निम्म्याहून जास्त स्वयंपाकाच्या चुलीत जातच नव्हतं. ते जात होतं न्हाणीत, आंघोळीच्या पाण्याच्या हंड्याखाली.

हे लक्षात ठेवा. उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला सुरू झाली, त्यानंतर आमच्या आळीत जवळजवळ प्रत्येक घरात सिलिंडर आला. आमच्याकडेही आहे. त्यावर चहा होतो, पाहुण्यांचं होतं, आणि आज्जीची तब्येत बिघडली की सगळंच होतं. पण गॅसवर आंघोळीचं पाणी तापवायचं कुणाच्या डोक्यातही येत नाही. ज्या भागात चार महिने पाऊस आणि नंतर दोन-तीन महिने थंडी, तिथे सकाळचा हंडा हा घरातला सगळ्यात मोठा चुलाणा असतो. सरकारी तक्त्यात मात्र 'स्वयंपाकाचे इंधन' असा रकाना असतो, न्हाणीला रकाना नसतो. तक्ता म्हणतो हे घर गॅसवर आलं. घर धुरातच असतं.

आता उत्सर्जनाचा हिशेब. तो टाळून चालणार नाही, कारण गाईची बाजू घ्यायची म्हणून आकडे लपवणं हे अभ्यासाला शोभत नाही. गाय, म्हैस, शेळी हे रवंथ करणारे प्राणी. त्यांच्या पोटात चारा आंबतो तेव्हा मिथेन होतो आणि ढेकरेवाटे बाहेर पडतो. हवामान बदलावरच्या आंतरशासकीय समितीनं २००६ साली देशोदेशीच्या हिशेबासाठी जे सरासरी आकडे दिले, त्यांत भारतीय उपखंडातल्या दुभत्या गाईला वर्षाला ५८ किलो मिथेन धरलाय, म्हशीला ५५ आणि इतर गुरांना २७. आमच्या तिघींचे मिळून १४० किलो. शंभर वर्षांच्या हिशेबात जैविक मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट उष्णता धरतो. म्हणजे आमचा गोठा वर्षाला पावणेचार टनांच्या आसपास. एक लिटर पेट्रोल जळलं की २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. लिटरला पंधरा किलोमीटर जाणारी गाडी चोवीस हजार किलोमीटर फिरली तर जेवढं, तेवढं आमची तीन जनावरं नुसती उभ्या उभ्या करतात. हा आकडा काढल्यावर मी वही मिटून थोडा वेळ गोठ्यात जाऊन बसले. गाय माझ्याकडे बघत रवंथ करत होती.

पण गाडी आणि गाय यांचा हिशेब एका पानावर मांडताना दोन गोष्टी सांगायला हव्यात. मिथेन हवेत साधारण बारा वर्षं टिकतो, मग तुटतो. पेट्रोलचा कार्बन लाखो वर्षं जमिनीखाली होता, तो वर आला की शतकानुशतकं राहतो. गुरांची संख्या स्थिर असेल तर त्यांचा मिथेन हवेत वाढत जात नाही, जुना जातो नवा येतो. दुसरी बाजूही खरी आहे. वीस वर्षांचाच हिशेब केला तर मिथेन सुमारे ८० पट भरतो, त्यामुळे तो कमी केला तर फायदा लवकर दिसतो. आणि २०१९ च्या पशुगणनेत आपल्या देशात १९ कोटींहून जास्त गाई-बैल आणि जवळपास ११ कोटी म्हशी होत्या. तेव्हा 'आमच्या गाईनं काय होतंय' असं म्हणून हात झटकता येत नाहीत. नवाची तीन झाली तेव्हा आमच्या घरचा मिथेन नक्की घटला. काकांच्या बाजूनं हा मुद्दा मी वहीत लिहून ठेवलाय.

लाकडाचा हिशेब त्याहून अवघड निघाला. एक किलो सुकं लाकूड जळलं की पावणेदोन किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड. अकरा किलो रोज म्हणजे वर्षाला चार टन लाकूड, त्याचे जवळपास सात टन. पण तेवढंच लाकूड जंगलात परत वाढलं, तर हे सात टन झाडं पुन्हा ओढून घेतात आणि हिशेब शून्यावर येतो. सात किंवा शून्य! मधलं सगळं एका प्रश्नावर अवलंबून. लाकूड कुठून आलं?

हाच प्रश्न जगभर चुकीचा सोडवला गेलाय. १९७५ साली एरिक एकहोम या अमेरिकन अभ्यासकानं सरपणाच्या टंचाईला 'दुसरं इंधनसंकट' म्हटलं. त्यानंतर कितीतरी वर्षं हिशेब असे मांडले गेले, की गरीब माणसं जेवढं लाकूड जाळतात तेवढी झाडं तुटतात, आणि अमुक साली जंगल संपणार. ते साल आलं आणि गेलं, जंगल तसं संपलं नाही. कारण खेड्यातल्या चुलीतलं बरंचसं लाकूड हे पडलेल्या काटक्या, बांधावरच्या फांद्या, वाळलेली झुडपं असतं. २०१५ मध्ये एका मोठ्या अभ्यासानं उष्ण कटिबंधातल्या देशांचा ताळा केला, तेव्हा २००९ साली काढलेल्या सरपणापैकी २७ ते ३४ टक्केच जंगलाच्या वाढीपेक्षा जास्त होतं. बाकीचं परत वाढत होतं. मात्र दक्षिण आशिया आणि पूर्व आफ्रिकेत काही ठिकाणी हे प्रमाण फार वाईट, हेही त्यात आहे.

आणि या प्रश्नावर आता पैसाही फिरतो. सुधारित चुली वाटायच्या, त्यामुळे 'वाचलेल्या' जंगलाचं कार्बन क्रेडिट करायचं आणि ते श्रीमंत देशांतल्या कंपन्यांना विकायचं. २०२४ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या संशोधकांनी असे प्रकल्प तपासले. त्यांच्या नमुन्यातल्या प्रकल्पांनी खऱ्या बचतीच्या सुमारे नऊपट क्रेडिट घेतलं होतं. एक कारण हेच, की जळणारं जवळजवळ सगळं लाकूड जंगल तोडूनच येतं असं धरलं. दुसरं, नवी चूल आली की जुनी बंद होते असं धरलं. आमच्या न्हाणीत येऊन बघितलं असतं तर दुसरी चूक तरी टळली असती.

यानंतर मी माझा आफ्रिकेचा प्रकल्प परत वाचला, आणि लाजल्यासारखं झालं. मी 'सरपण' या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी कोंबल्या होत्या. झांबिया, मलावी, मोझांबिकच्या खेड्यांत बायका आमच्यासारख्याच काटक्या गोळा करतात. पण लुसाका, लिलाँगवे, मापुतो या शहरांत चुलीला लागतो तो लोणारी कोळसा. तो करायला उभी, ओली, जाड झाडं तोडून मातीखाली भट्टी लावतात, आणि एक किलो कोळशाला पाच-सात किलो लाकूड सहज जातं. जंगलावरचा मोठा घाव हा त्या शहरी कोळशाचा आहे. तरी तिथेही शहरातल्या माणसाला दोष देऊन मोकळं होता येत नाही. २०२४ च्या दुष्काळात करीबा धरणाचं पाणी खाली गेलं, झांबियात दिवसदिवस वीज जायला लागली, आणि विजेच्या शेगड्या असलेली घरंसुद्धा परत कोळशाकडे वळली. पाऊस पडला नाही म्हणून झाडं तुटली.

गुरांचंही तसंच. बोट्सवानात गुरं म्हणजे बँक, लग्नात नवऱ्याकडून वधूच्या घरी गुरं द्यायची चाल आहे, तिला दक्षिण आफ्रिकेत लोबोला म्हणतात. आपला 'पशुधन' हा शब्द त्यांना लगेच कळेल. पण तिथल्या रानावरचा मोठा फटका घरच्या चार गुरांनी दिलेला नाही. युरोपला गोमांस पाठवायचं तर रोगमुक्त भाग वेगळा हवा, म्हणून मैलोन्‌मैल कुंपणं घातली गेली. १९५८ चं कुके कुंपण त्यातलं प्रसिद्ध. पाण्याच्या वाटेवर ते आडवं आलं आणि दुष्काळात हजारो विल्डबीस्ट त्याच्या कडेला मेले. लेसोथो या डोंगराळ देशात झाडंच कमी, तिथे लोक शेण वाळवून जाळतात, आपल्या शेणींसारखंच. मग शेताला खत राहत नाही. आणि या सगळ्या प्रदेशाच्या उत्सर्जनाचा सगळ्यात मोठा वाटा? तो गाईचाही नाही, चुलीचाही नाही. तो दक्षिण आफ्रिकेच्या दगडी कोळशाच्या वीजकेंद्रांचा आहे. तिथली ऐंशी टक्क्यांहून जास्त वीज कोळशाची. माझ्या वीस पानांत या गोष्टीला मी अर्धं पान दिलं होतं.

आपल्याकडेही जंगलाचा दोष चुलीवर आणि गोठ्यावर टाकण्याची सवय जुनी आहे. खानापूर आणि खालच्या कारवार भागात पूर्वी डोंगरउतारावर झाडी कापून, जाळून, एक-दोन वर्षं नाचणी पिकवायची आणि मग जमीन मोकळी सोडायची अशी कुमरी शेती होती. मुंबई इलाख्यात १८४७ मध्ये वनखातं उभं राहिलं, आणि त्या शतकात कुमरीवर एकामागून एक बंधनं आली. जहाजांना आणि रेल्वेच्या स्लीपरांना लाकूड मात्र जातच राहिलं. माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सह्याद्रीतल्या धनगर गवळ्यांचा अभ्यास केला होता. पूर्वी डोंगरमाथ्यावर गवळ्यांच्या म्हशी आणि खालच्या खोऱ्यात कुणब्यांची शेती, अशी वाटणी होती. ताक-लोणी खाली यायचं, धान्य वर जायचं, आणि एकाच रानावर दोघांचा भार पडत नव्हता. माथ्यावरच्या जमिनी गेल्या, धरणं आली, तशी ती वाटणी मोडली.

आज खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्य आहे, डिसेंबर २०११ मध्ये जाहीर झालेलं. आतल्या वाड्यांच्या पुनर्वसनाची बोलणी चालू असतात. गुंजी त्यांच्यासारखी जंगलाच्या पोटात नाही, आम्ही काठावरचे. पण चराईबंदीची बातमी आली की काठावरच्यांनाही धडकी भरते. खरं तर २००६ च्या वनहक्क कायद्याच्या तिसऱ्या कलमात गुरं चारण्याचा सामूहिक हक्क मान्य आहे, आणि गौण वनोपजात झुडपी लाकूडही येतं. अडचण अशी, की आदिवासी नसलेल्यांना १३ डिसेंबर २००५ च्या आधीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, आपण त्या जंगलावर जगत होतो हे दाखवावं लागतं. काका विचारतात, "जळण आणलं त्याची पावती कुणाकडं असतीय?" मला अजून उत्तर सापडलेलं नाही.

वाघांची बाजूही मला मांडायची आहे. गुरं रानात मोकळी सुटली की कोवळी रोपं खाल्ली जातात, रोग हरणांना लागतात, आणि एखादं जनावर वाघानं मारलं की रागानं विष घातलं जातं. ते पाच वाघ असेच गेले. गुरं गोठ्यात बांधली तर वाघाचंही बरं आणि शेण सगळं घरात. पण बांधून खायला काय घालायचं? भाताचं पिंजर फाल्गुनापर्यंत संपतं. चराई थांबवायची तर चाऱ्याची सोय आधी हवी, हा क्रम बातमीत नव्हता.

राहिला धूर. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं घरातल्या चुलीच्या धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसं मेली. आज्जीला दहा वर्षं खोकला आहे. डॉक्टरांनी विचारलं, "सिगारेट, विडी?" ती म्हणाली, "फुंकणी." लाकूड जंगलात परत वाढतं का, यावर कार्बनचा हिशेब फिरेल, धुराचा फिरत नाही. काटकी कितीही पुण्यवान असो, धूर छातीतच जातो. 'घरोघरी मातीच्या चुली' ही म्हण आपण किती सहज वापरतो!

तर मग काय करायचं, हे मी दोन ठिकाणच्या कामावरून शिकले. पुण्याच्या 'आरती' या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी दाखवून दिलं, की गॅसच्या जंतूंना शेणापेक्षा पिठूळ, गोड पदार्थ जास्त आवडतात. गाईनं चारा पचवून उरलेलं म्हणजे शेण, त्यात ताकद उरते किती? तीच ताकद खरकट्यात, सडक्या फळांत, आठळ्यांच्या पिठात भरपूर. चाळीस किलो शेणाचं काम दोनेक किलो पिठूळ मालात होतं. आणि सिंधुदुर्गात झारापच्या 'भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठान'नं बायोगॅसचं काम घरोघर नेलंय. आमच्यासारखीच घरं, आमच्यासारखाच पाऊस. शिवाय बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या 'अस्त्र' विभागानं बिनधुराची 'अस्त्र ओले' फार पूर्वीच बनवली आहे. ओले म्हणजे कन्नडमध्ये चूल. न्हाणीलाही तशीच बंदिस्त, धुराड्याची चूल बसते. मला बाहेरून काही आणायचं नव्हतं. शेजारच्या जिल्ह्यातलं आणि स्वतःच्या राज्यातलं बघायचं होतं.

फेब्रुवारीत म्हैस विकली. त्यातून माझी तिसऱ्या वर्षाची फी भरली गेली, हे मला नंतर काकीनं फोनवर सांगितलं. गाय आणि पाडी काकांनी ठेवल्या, "पोरीचा प्रयोग होऊ दे" म्हणून. मे महिन्यात विहीर उपसली, गंजलेली टाकी भंगारात दिली, फायबरची आणली. दोघींचं मिळून गोठ्यात दहा-बारा किलो शेण मिळतं, त्यावर अर्धा घनमीटरही गॅस होत नाही. म्हणून रोज खरकटं, पेज, आणि फणसाच्या दिवसांत वाया गेलेले गरे घालायचे ठरलं. पहिल्या आठवड्यात आम्ही उत्साहात बादलीभर गरे ओतले. आंबट वास सुटला आणि गॅस बंद पडला. जंतूंना अजीर्ण झालं होतं. दहा दिवस नुसतं शेण घातल्यावर परत सुरू झाला. न्हाणीतल्या चुलीला गवंड्यानं शेगडी आणि धुराडं करून दिलं. जूनमध्ये परत येण्याआधी चार दिवस मी ताणकाटा लावला, तेव्हा न्हाणीचं जळण सहा किलोंवरून चारवर आलं होतं. उन्हाळा होता, आंघोळीला कोमट पाणीही चालतं, त्यामुळे हा आकडा थंडीत परत तपासायला हवा. सध्या तो मी पेन्सिलनंच लिहिलाय.

पाडी दिवाळीच्या सुमारास व्यायेल. तिला ठेवायचं का नाही ते काका तेव्हा ठरवणार आहेत.

आज्जी रोज संध्याकाळी फोन करते आणि माझ्या अभ्यासाची चौकशी करायच्या आधी गॅसचा अहवाल देते. कालचा असा होता: "चहा झाला, आमटी झाली, भात निम्म्यावर आल्यावर इझला. उरलेला चुलीवर काढला."